नाकाच्या ऑपरेशनबद्दल दिगंबरला पत्र

साखळी, गोवा
२० एप्रिल

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. फोन केला असता, पण माझ्यासारखं तूही नाकाचं ऑपरेशन करावं का, हे जे तू विचारलंयस ते फोनवर धड सांगून होणार नाही. म्हणून आज दुपारी सगळे झोपल्यावर लिहायला बसलो.

पत्राच्या शेवटी तू एक ओळ लिहिली आहेस, आधी तिचंच उत्तर देतो. नववीत कबड्डी खेळताना तुझं कोपर माझ्या नाकावर बसलं होतं आणि सदरा रक्ताने भरला होता. 'त्यानेच तुझं नाक वाकडं झालं असेल का रे?' असं तू विचारतोस. हाच प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता. ते म्हणाले, लागल्याने नाकातला मधला पडदा वाकडा होऊ शकतो, पण कित्येकांचा तो जन्मतःच तिरका असतो किंवा वाढीच्या वयात हळूहळू तिरका होतो. माझा कशाने झाला हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तेव्हा तीस वर्षं मनात ठेवलेलं ते ओझं आता खाली ठेव. बर्फ आणायला बाजारापर्यंत अनवाणी धावत गेलेला तूच होतास, मला तेवढंच आठवतं.

आता तुझ्या नाकाकडे येतो. 'हाड वाढलंय' असं तुला सांगितलं. आपल्याकडे सगळे असंच म्हणतात, मीही म्हणायचो. पण त्यात काहीच वाढलेलं नसतं. दोन नाकपुड्यांच्या मधे एक पडदा असतो. पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीला असते तशी लवचिक, आणि मागचा भाग पातळ हाडाचा. दोन्ही बाजूंनी ओलसर, नाजूक अस्तर. हा पडदा कुणाचाच अगदी सरळ नसतो. काहींचा जास्त झुकतो, आणि कूर्चा व हाड जिथे जुळतात तिथे कधी कधी काट्यासारखं टोक बाहेर येतं. माझ्या डाव्या बाजूला तसा काटा होता. 'वाढलंय' म्हटलं की आपल्याला वाटतं, कापलं तरी परत वाढेल. माझी आई हेच म्हणत होती, शेजारचे हेच म्हणत होते. या एका शब्दाच्या भीतीने मी दहा वर्षं घालवली.

दुसरी भीती आमच्या घरातलीच होती. बाबांच्या चुलतभावाचं पूर्वी कधीतरी मुंबईत हे ऑपरेशन झालं होतं. तुला ते काका आठवत असतील, गणपतीला यायचे. रात्री सगळं शांत झालं की त्यांच्या नाकातून बारीक शीळ ऐकू यायची. आम्हा मुलांना त्याचं नवल वाटायचं. आता कळलं, त्यांच्या पडद्याला भोक राहून गेलं होतं आणि श्वास त्यातून जाताना शीळ वाजायची. मी हे डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी पेन घेऊन कागदावर चित्र काढलं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला, १९०२ ते १९०४ च्या सुमारास, फ्रीअर आणि किलियन या दोघांनी जी पद्धत रूढ केली तिच्यात अस्तर उचलून आतली वाकडी कूर्चा आणि हाड बरंचसं काढून टाकायचे. आधाराला वरची आणि पुढची कड तेवढी ठेवायची. मग कॉटल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर वेगळा विचार मांडला : काढण्यापेक्षा सरळ करून परत बसवा. आणि १९९१ पासून हेच काम दुर्बिणीतून करण्याबद्दल लिहिलं जाऊ लागलं. भोक पडण्याचा धोका आजही शून्य नाही, हे त्यांनी लपवलं नाही. पण दुर्बिणीने नेमकी वाकडी जागाच दिसते, तेवढंच अस्तर उचलावं लागतं, दोन्हीकडचं अस्तर एकाच ठिकाणी फाटण्याची शक्यता कमी होते. दोन्हीकडे समोरासमोर फाटलं की भोक पडतं. हे ऐकल्यावर काकांची शीळ माझ्या मनातून गेली.

पण ऑपरेशनच्या आधीचं सांगतो, कारण तुझ्या उपयोगाचं तेच आहे. मी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात गेलो. (पोर्तुगीज काळात, १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचं हे आजचं रूप. आपल्याला शाळेत हे कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.) सकाळची पहिली कदंबा बस पकडून गेलो, तरी ओपीडीत गर्दी होतीच. डॉक्टरांनी पहिल्यांदा दुर्बीण घेतलीच नाही. जीभ दाबायची स्टीलची थंड पट्टी माझ्या नाकाखाली आडवी धरली आणि म्हणाले, 'तोंड मिटून श्वास सोडा.' पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटले. उजवीकडचा रुपयाएवढा. डावीकडचा तांदळाच्या दाण्याएवढा, तोही बघता बघता विरून गेला. इतक्या वर्षांचं माझं दुखणं त्या वीतभर पट्टीवर समोर दिसलं. मला भरून आलं, खरं सांगतो.

मग त्यांनी विचारलं, 'थेंब घालता का?' मी घालत होतो. सहा वर्षं. एका औषधाच्या दुकानात सर्दीसाठी कुणीतरी दिले होते, तेव्हा किती दिवस घालायचे हे ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. झायलोमेटाझोलिनचे ते थेंब घातले की दोन मिनिटांत नाक मोकळं व्हायचं, रात्री उशीखाली बाटली असल्याशिवाय झोप यायची नाही. डॉक्टर म्हणाले, हे थेंब थोड्या दिवसांपुरतेच, पुढे तेच नाक बंद करायला लागतात. नाकाच्या बाजूच्या भिंतींवर मांसल गाद्या असतात, टर्बिनेट म्हणतात त्यांना. थेंबांनी त्या आक्रसतात, असर उतरला की आधीपेक्षा जास्त फुगतात. ते थेंब बंद करून फ्लुटिकासोनचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं, असं दोन महिने करायला लावलं. पहिले दहा दिवस फार वाईट गेले. नंतर उजवी बाजू छान सुटली. डावी मात्र होती तशीच राहिली. तेव्हा ते म्हणाले, 'आता कळलं. उजवीकडचं थेंबांचं आणि अ‍ॅलर्जीचं होतं, डावीकडचं पडद्याचं आहे. आता ऑपरेशनला अर्थ आहे.'

दिगंबर, मला तुला सांगायचं आहे ते हेच. तुला बघून पाच मिनिटांत ऑपरेशनची तारीख सुचवली असेल, तर तारीख घेऊ नकोस. पडदा वाकडा आहे एवढ्याने ऑपरेशन लागत नाही. वाकडा पडदा घेऊन आयुष्यभर सुखाने श्वास घेणारे कितीतरी आहेत. तुझं नाक नेमकं त्या वाकण्यामुळेच बंद आहे का, हे आधी ठरायला हवं. तुला पावसाळ्यात जास्त त्रास होतो असं तू लिहितोस. शिंका येतात, डोळे खाजतात. ती अ‍ॅलर्जीची लक्षणं आहेत. आपल्या घरांच्या भिंतींना जूनपासून जी ओल आणि बुरशी धरते ती पडदा सरळ करून जाणार नाही. आणि नाकपुड्या आलटून पालटून बंद होतात म्हणतोस, त्याची काळजी करू नको. ते बहुतेकांचं होतं. काही काही तासांनी एका बाजूची गादी फुगते, दुसरीची ओसरते. १८९५ साली कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी त्याची नोंद केली आहे, आणि आपले आजोबा चंद्रनाडी-सूर्यनाडी म्हणायचे. माझं मात्र एकच बाजू कायम बंद असायची.

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. पूर्ण भूल दिली, त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. नंतर विचारून घेतलं ते एवढं : दुर्बीण चार मिलिमीटर जाडीची, पेन्सिलीपेक्षाही बारीक, आतलं सगळं टीव्हीसारख्या स्क्रीनवर मोठं दिसतं. आधी अस्तराखाली अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं औषध टोचतात, त्याने रक्त कमी येतं आणि अस्तर सुटं व्हायला मदत होते. मग काट्यावरच छोटा छेद, अस्तर बाजूला, वाकडा तुकडा काढला, बाकीचं सरळ केलं. वरची आणि पुढची एकेक सेंटिमीटरभर कूर्चा कधीच काढत नाहीत, नाकाचा आकार तिच्यावर उभा असतो. बाहेरून एकही टाका नाही. एक गोष्ट तू जरूर विचार : तुझा पडदा कुठे वाकडा आहे? मागे किंवा मधे असेल तर दुर्बिणीचा फायदा. नाकाच्या शेंड्याजवळ अगदी पुढे वाकडा असेल तर नुसत्या दुर्बिणीने भागत नाही, जुन्या पद्धतीने उघडूनच करावं लागतं. 'दुर्बिणीने' या शब्दाला भुलू नकोस.

नंतरच्या दिवसांबद्दल तुला खरं सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. दुखत फारसं नाही. पण पहिले दोन दिवस नाकात बोळे होते, तोंडानेच श्वास. ओठ आणि घसा वाळून लाकूड झाले. दोन उशा घेऊन अर्धवट बसून झोपलो. सुमनने रात्रभर चमच्याने पाणी पाजलं. पेज गिळताना कानात दडे बसायचे. बोळे काढले तो क्षण फार तर दहा सेकंदांचा, पण टेबलाची कड घट्ट धरावी लागली. त्यानंतर नाक मोकळं होईल असं वाटलं होतं, झालं उलटंच. आतून सूज येते, खपल्या धरतात, आठ-दहा दिवस आधीपेक्षाही बंद वाटतं. मी घाबरून गेलो होतो. सातव्या दिवशी आत बसवलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्या काढल्या तेव्हापासून उतार पडला. वरचे पुढचे दोन दात महिनाभर बधिर होते, तेही आता ठीक आहेत. पडद्याच्या तळातून जाणारी एक बारीक नस त्यांच्याकडे जाते म्हणे.

दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायची. वाकून जड काही उचलायचं नाही. नाक धुवायचं ते उकळून गार केलेल्या पाण्यानेच, विहिरीचं किंवा नळाचं पाणी तसंच कधीही वापरू नको, मीठ किती घातलं तरी. आणि ही एक गोष्ट वहिनींनाही वाचून दाखव : दोन्ही नाकपुड्या एकदम गच्च बंद झाल्या, ठणका वाढत गेला, ताप आला, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जायचं. अस्तर आणि कूर्चा यांच्यामधे रक्त साचलं तर असं होतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती अस्तरावरच जगते. मधे रक्त राहिलं तर ती मरते आणि नाक बसतं. लवकर गेलं तर रक्त काढून टाकता येतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या तुझे बाबा घेतात, तू घेत नाहीस ना? घेत असशील तर आधीच सांग.

तुझ्या लहान्याच्या ऑपरेशनबद्दल विचारलंस. तो तेराचा. चेहरा वाढत असताना बहुधा थांबायलाच सांगतात, सोळा-सतरापर्यंत, कारण नाकाची वाढ त्याच पडद्यातून होते. फारच त्रास असेल तर गोष्ट वेगळी. पण ते तपासणाऱ्याने ठरवायचं.

आता फळ काय मिळालं ते. मार्चमधे एका संध्याकाळी सुमन बाजारातून सुरंगीच्या फुलांचा वळेसर घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे देवापुढे ठेवला. मी बाहेर पडवीत बसलो होतो. तिथे मला वास आला. सुरंगी येऊन गेली हे मला इतकी वर्षं डोळ्यांनीच कळायचं. उठून आत गेलो, वळेसर हातात घेतला, डावी नाकपुडी उघडी ठेवून उजवी बोटाने दाबली, आणि हुंगला. ती पिवळी धूळ बोटांना लागली. सुमन काही बोलली नाही, दारातच उभी राहिली. तुलाही असाच परत वास येऊ लागेल असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनीही मला तसं वचन दिलं नव्हतं.

घोरणं कमी झालंय, पण गेलेलं नाही. फवारा चालूच आहे, धूळ उडाली की शिंका येतातच. हेही तुला कळलेलं बरं.

आणि गाणं. चैत्रीला विठ्ठलापूरला देवळात आमच्या मंडळाचं भजन होतं. गेली काही वर्षं मी मागे बसून नुसती झांज धरायचो, कारण लांब ओळ संपेपर्यंत छाती रिकामी व्हायची आणि मधेच तोंडाने श्वास ओढताना आवाज व्हायचा. यंदा रूपाचा अभंग मला दिला. पहिली ओळ घेतली, थांबलो, तोंड मिटून श्वास घेतला. तो दोन्ही बाजूंनी, थंडगार, आवाज न करता आत गेला. पखवाजवाल्या बुवांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

तू असं कर. कुडाळला तारीख घेतली असशील तर पुढे ढकल. तुझे सगळे कागद आणि थेंबांची ती बाटलीही घेऊन इकडे ये. हो, तूही थेंब घालतोस हे मला ठाऊक आहे, वहिनी सुमनला बोलल्या होत्या. मी तुझ्याबरोबर बांबोळीला येतो. सकाळी लवकर निघू, नंबर लागेपर्यंत बाहेर चहा पिऊ. आणि ती थंड पट्टी तुझ्या नाकाखाली धरतील तेव्हा मी बाजूलाच उभा असेन.

वहिनींना नमस्कार, तुझ्या आईबाबांना साष्टांग नमस्कार, लहान्याला आशीर्वाद. येताना मालवणी मसाला आण, सुमनने मुद्दाम सांगितलंय.

तुझा,
उदय