डावं-उजवं आणि 'लोक काय म्हणतील'

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

व्यक्तिस्वातंत्र्य मोठं की समाजाचे नियम यावर तुमच्याकडे वाचकांची जी पत्रं येतायत ती रोज वाचतोय आणि आता डोकं भणभणायला लागलंय. एक म्हणतो नियम नसले की जंगलराज, दुसरा म्हणतो माझं आयुष्य माझी मर्जी, आणि गंमत म्हणजे दोघंही फिरून फिरून सिग्नलवरच येतात. अहो पण सिग्नल, कपडे आणि लग्न हे सगळं एकाच पिशवीत कसं काय कोंबता?

मी जन्माचा डावखुरा. साधारण दहातला एक असतोच तसा. पण शाळेत पेन्सिल डाव्या हातात दिसली की बोटांवर पट्टी बसायची, कारण काय तर सगळे उजव्याने लिहितात. झक मारत शिकलो, अक्षर आजही कोंबडीचे पाय. मी डाव्याने लिहिलं असतं तर बिघडणार काय होतं? फार तर बाकावर शेजारच्याच्या कोपराला कोपर लागलं असतं, मग मला कडेला बसवायचं, विषय संपला.

आता दुसरं डावं-उजवं बघा. स्वीडनमध्ये गाड्या डावीकडून चालायच्या. 1955 साली सार्वमत घेतलं तर 80 टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले बदल नको, तरी सरकारने 3 सप्टेंबर 1967 ला पहाटे सगळा देश उजवीकडे आणला. त्यात डावं चांगलं की उजवं चांगलं असं काहीच नव्हतं, पण एकदा ठरल्यावर 'मी आपला डावीकडूनच जाणार, माझं स्वातंत्र्य' असं म्हणणारा समोरच्याच्या अंगावर जाणार हे उघड आहे. म्हणजे डावं-उजवं तेच, पण रस्त्यावर टक्कर होते आणि वहीवर होत नाही. मी तरी एवढंच बघतो.

स्वातंत्र्यवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नका हां. रात्री दोनला स्पीकर लावून 'माझं घर आहे' म्हणणारे तुमच्यातच असतात, आणि भिंत तुमची असली तरी आवाज पलीकडे जातो. आणि टक्कर नेहमी इतकी सरळ दिसतेच असंही नाही. हेल्मेटचं घ्या, डोकं माझं हे खरं, पण फुटल्यावर हॉस्पिटलच्या खुर्चीवर रात्ररात्र बसणारे दुसरेच असतात. मी सक्तीच्या बाजूने आहे, पण मग हाच न्याय कुठपर्यंत ताणायचा, उद्या माझं जेवणही कोणी ठरवणार का, हे मला अजून नीट सुटलेलं नाही, उगाच कशाला खोटं बोला.

जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज तत्त्वज्ञ 1859 मध्येच लिहून गेलाय की समाजाची दडपशाही सरकारच्या दडपशाहीपेक्षा जाचक होऊ शकते कारण तिच्यातून सुटायला वाटा कमी असतात. पटतं मला. कायद्याविरुद्ध कोर्टात तरी जाता येतं, 'लोक काय म्हणतील'वर अपील कुठे करायचं?

आणि हे लोक म्हणजे नक्की कोण हो? 1950 च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने साध्या रेघांची लांबी विचारली होती. खोलीत एकच माणूस खरा, बाकीचे सगळे आधी पढवून ठेवलेले, ते मुद्दाम चुकीचं सांगायचे, आणि डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही त्या बिचाऱ्याची साधारण तीनातली एक उत्तरं त्यांच्यामागे जायची. पण पढवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं की हे मागे जाणं एकदम कमी व्हायचं. फक्त एक जण पुरायचा.

मागे शाळेच्या ग्रुपवर मी ती पट्टीची आठवण टाकली, म्हटलं हसतील. तर तिघांचे रिप्लाय, 'अरे मी पण'. एवढी वर्षं एकाच वर्गात बसून आम्हाला एकमेकांचा पत्ता नव्हता. त्यातला एक पुढे स्वतः मास्तर झालाय. त्याने रात्री वेगळा मेसेज केला, 'मी पण पोरांच्या हातातली पेन्सिल बदलायचो रे, बरीच वर्षं.'

आपला,
एक डावखुरा वाचक