पारा एकटाच नाही हो

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर धातू-अधातूंचा तक्ता आलाय, त्यात बिनधास्त लिहिलंय की धातू स्थायू, अपवाद पारा, आणि अधातू म्हणजे वायू. पहिलं एकवेळ चालवून घेऊ पण दुसरं साफ चूक आहे. कार्बन, गंधक, फॉस्फरस, आयोडीन हे सगळे अधातूच ना? आणि सगळे स्थायू. हिरा म्हणजे नुसता कार्बन, त्याला काय वायू म्हणायचं का! वायू आहेत ते हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन, क्लोरीन आणि हेलियम-निऑनसारखे निष्क्रिय वायू, बस. ब्रोमीनचा तर तक्त्यात पत्ताच नाही, तो लालसर तपकिरी द्रव आहे, उणे 7 अंशाला गोठतो आणि 59 ला उकळतो.

खरं तर पोरांना समजवायला आवर्तसारणीतला हॅलोजनचा एकच गट, म्हणजे एकच उभा स्तंभ, पुरे. फ्लोरीन, क्लोरीन वायू, खाली ब्रोमीन द्रव, त्याच्या खाली आयोडीन स्थायू, म्हणजे एकाच गटात तिन्ही अवस्था! खाली जाल तसा रेणू मोठा, त्यात इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून रेणू एकमेकांना जास्त ओढून धरतात आणि सुटे व्हायला जास्त उष्णता लागते. हे कळलं की पाठ करायला उरतंच काय?

आता धातू. रूम टेम्परेचर म्हणजे नक्की किती हे तक्त्यात कुठंच नाही. पुस्तकात बहुतेक 25 अंश सेल्सिअस धरतात, तिथं पारा एकटाच द्रव हे ठीक. पण सिझियम साधारण 28.5 ला वितळतो आणि गॅलियम 29.8 ला, म्हणजे खोलीत 31 अंश असले की द्रव धातू एकाचे तीन होतात, मग अपवाद कुणाला म्हणणार? गॅलियम तर तळहातावर ठेवला तरी वितळतो, आणि उकळायला मात्र 2000 अंशाच्याही वर जावं लागतं, कमाल धातू आहे हा. (सिझियम हातात घ्यायचा विचारही नको, पाण्याला लागला की स्फोट होतो, तो काचेच्या बंद नळीतच बघायचा.)

पाऱ्याचं पण नुसतं नाव छापून सोडून दिलंय. तो उणे 39 अंशाला गोठतो आणि आवर्तसारणीत त्याच्या शेजारचं सोनं 1064 ला वितळतं, शेजारी शेजारी असून एवढा फरक का? पाऱ्याचं अणुकेंद्रक बाहेरचे इलेक्ट्रॉन फार घट्ट धरून ठेवतं, ते बाकीच्या अणूंशी नीट वाटले जात नाहीत म्हणून बंध कच्चे. टंगस्टनचे बंध इतके पक्के की त्याला 3422 अंश लागतात. धातू दोघंही!

तेव्हा दुरुस्ती छापाल तेव्हा तक्त्याच्या वर '25 अंश सेल्सिअसला' एवढं टाका आणि ब्रोमीनला जागा द्या, परीक्षेत तोच विचारतात.

आपला एक वाचक