जैव अर्थव्यवस्थेत काजूच्या बोंडाला जागा आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी ‘बायोई३’ धोरणाला मंजुरी दिली. अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार या तिन्हींसाठी जैवतंत्रज्ञान वापरायचे, असा त्याचा हेतू असून २०३० पर्यंत देशाची जैव अर्थव्यवस्था ३०० अब्ज डॉलरपर्यंत नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. खनिज तेलापासून होणारी रसायने आणि प्लॅस्टिक यांच्याऐवजी शेती, जंगल आणि समुद्र यांतून मिळणारा माल वापरावा, या विचाराला कोकणातल्या बागायतदाराचा विरोध असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो मांडणीला. धोरणाचा भर जैवउत्पादन केंद्रे आणि बायोफाउंड्री (सूक्ष्मजीवांची रचना करून त्यांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळा) अशा एकवटलेल्या सुविधांवर आहे, तर आमचा माल विखुरलेला, हंगामी आणि कमालीचा नाशवंत आहे.

काजूचेच पाहा. बीला गिऱ्हाईक आहे, पण बीच्या कितीतरी पट वजनाच्या बोंडाला, म्हणजे बी ज्याला लागते त्या रसाळ फळाला, फारसे कोणी विचारत नाही. गोव्यात त्यापासून फेणी होते आणि तिला २००९ पासून भौगोलिक मानांकनही आहे. सीमेच्या अलीकडे मात्र मार्च ते मे या काळात झाडाखाली बोंडांचा खच पडतो, बी पिळून काढली की बोंड तिथेच टाकले जाते आणि एका दिवसात आंबून त्यावर चिलटे बसतात. असा माल शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या केंद्रात पोहोचणार कसा? रस काढणे, त्यातला तुरटपणा घालवणे आणि तो टिकवणे ही कामे गावात किंवा फार तर शेजारच्या गावात, त्याच दिवशी व्हायला हवीत. त्यासाठी नवा शोध लावण्याचीही गरज नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने आणि त्याच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने बोंडाच्या सरबतावर पूर्वीच काम केले आहे.

काजूबीच्या टरफलाची गोष्ट वेगळी, कारण ते टिकते. त्यातल्या तेलापासून मिळणारे कार्डेनॉल रंग, राळ आणि ब्रेक लायनिंगमध्ये वापरले जाते आणि काही ठिकाणी पेट्रोलियमजन्य फिनॉलची जागा घेते. म्हणजे धोरणाला अभिप्रेत असलेले जैवरसायन आमच्या दारातच आहे. परंतु काजू फोडणाऱ्या ज्या बायकांच्या बोटांची साल या तेलाने जाते आणि ज्या हातांना राख किंवा खोबरेल चोळून कामाला बसतात, त्यांच्या वाट्याला या मूल्यवृद्धीतले काय येणार, याचे उत्तर कोणी देत नाही. कोकमाच्या बियांचे तेल, आंब्याचे बाठे, नारळाची सोडणे, कोळंबीची टरफले यांबाबतही थोड्याफार फरकाने हेच म्हणता येईल.

इथेनॉलचा अनुभव ताजा आहे. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर राज्यात पैसा आणि यंत्रणा प्रामुख्याने घाटावरच्या साखर कारखान्यांभोवती उभी राहिली. ते स्वाभाविकही होते, कारण तिथे ऊस गोळा करणारी व्यवस्था आधीपासून होती. कोकणात ती नाही, म्हणून ती उभारण्याचा खर्च हाच जैवउत्पादनाचा पहिला भांडवली खर्च मानला पाहिजे.

एक शंका आणखी. किण्वनावर, म्हणजे माल आंबवण्यावर, चालणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात सेंद्रिय भार (कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवणारी घाण) मोठा असतो. कारखान्याच्या नावाआधी ‘जैव’ लागले म्हणून ते पाणी खाडीला निरुपद्रवी ठरत नाही, आणि औद्योगिक सांडपाणी म्हणजे काय हे दाभोळ खाडीकाठच्या मच्छीमारांना कोणी समजावून सांगायला नको.

राज्य सरकारने या धोरणाखाली केंद्राकडे कोकणासाठी प्रस्ताव पाठवताना त्यात गावपातळीवरच्या प्राथमिक प्रक्रियेचा खर्च, सांडपाण्याची व्यवस्था आणि जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्यांना मिळावयाचा लाभाचा वाटा या तिन्हींची तरतूद स्पष्टपणे करावी. सुरुवात चार गावांपासून झाली तरी चालेल. मात्र बोंड उचलून आणणाऱ्या बाईला किलोमागे काय दर मिळणार, तो आकडा त्या प्रस्तावातच असावा.

आपला,
एक काजू बागायतदार, वेंगुर्ला तालुका