मैदानाच्या भांडणाबद्दल बाळ्याला

मुंबई,
मंगळवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझे दोन फोन येऊन गेले आणि दोन्ही वेळा मी ‘मग बोलतो’ म्हणून ठेवून दिले. रागावू नकोस. जे सांगायचं आहे ते फोनवर धड सांगता येणार नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

आपल्या क्लबात भांडण पेटलंय. शेजारच्या क्लबाशी असतं तर तुला कळवलंही नसतं. ते भांडण तुला पाठ आहे. त्यांचा डीप मिडविकेट आपल्या पॉइंटच्या पाठीला पाठ लावून उभा राहणार, त्यांचा चेंडू आपल्या विकेटवरून जाणार, कोणीतरी ‘बॉल!’ म्हणून ओरडणार आणि आपण सगळे डोकी खाली घालणार. त्यांनी बाउंड्रीचे झेंडे दोन पावलं इकडे सरकवले की तू तरातरा जाऊन परत मागे रोवायचास, आणि चहाच्या वेळी त्यांच्याच तंबूत बसून वडापाव खायचास. आझाद मैदानावर एकाच वेळी वीसेक सामने चालतात, धक्का लागणारच. पण त्यातलं कोणीही दुसऱ्याच्या पिचवर मुद्दाम पाय ठेवत नव्हतं.

या वेळी प्रकरण फुटबॉलचं आहे. जुलैपासून डोंगरी-उमरखाडीकडची पोरं पहाटे खेळायला येतात. चाळीसेक असतील, दहा वर्षांपासून सतरा-अठरापर्यंतची. पाऊस पडला की सगळ्या मैदानात पाणी साचतं आणि आपला पिचचा चौकोन तेवढा जरा उंच, म्हणून कोरडा राहतो. पोरं तिथेच येणार. माळीमामा सात वाजता पोचतात, तोवर खेळून झालेलं असतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी कांगा लीगचा सामना होता. आपला ओपनर सोळा वर्षांचा, डावरा, तुझ्यासारखाच मनगटानं खेळणारा. लेंग्थवर पडलेला चेंडू असा उसळला की त्याचा अंगठा बॅटच्या मुठीवरच चेचला. हाड मोडलं, मोसम संपला त्याचा. आता कांगात चेंडू उडतोच. १९४८ पासून ही लीग भर पावसाळ्यात खेळतात ती फलंदाजाचा कस लागावा म्हणूनच. मीही आधी तेच म्हटलं. पण मामा मला हात धरून पिचवर घेऊन गेले आणि उकिडवे बसले. बुटाच्या स्टडची भोकं होती, एका पावलाची सहा, आत गढूळ पाणी, काठाची माती वर उचललेली. मामांनी एका भोकात करंगळी घातली, ती पहिल्या पेरापर्यंत गेली. ‘बुजवीन मी,’ म्हणाले, ‘पण वरून भरलेली माती बाजूच्या मातीला सांधत नाही साहेब. वाळली की कपची निघते.’ मार्चपासून या माणसानं त्या बावीस यार्डांवर काळी माती चाळून घातली, पाणी मारलं, दोन-दोन तास रोलर ओढला. मला त्यांच्याकडे बघवेना.

तातडीनं कमिटी बसली. चौकोनाला कायमचं लोखंडी कुंपण घालायचं, पहाटे वॉचमन ठेवायचा आणि पोरांना मैदानात येण्यापासून रोखावं म्हणून अर्ज द्यायचा, असं ठरलं. चिटणीस म्हणून तो अर्ज मी लिहायचा.

मी लिहिला. अगदी मन लावून लिहिला, कारण मला त्यात आपला इतिहास आठवला. तुलाही मी एकदा एलफिन्स्टनच्या पुलावर उभं राहून सांगितला होता. आजचं आझाद, क्रॉस, ओव्हल, कूपरेज हे सगळे एकाच एस्प्लनेडचे, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या मोठ्या मोकळ्या मैदानाचे तुकडे. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना निघाला, तिथे फक्त गोऱ्यांना प्रवेश. त्यांचं क्रिकेटचं मैदान वेगळं, राखलेलं. पोलो मात्र त्यांनी आणला तो आपली देशी पोरं क्रिकेट खेळायची त्या हिश्श्यावर. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यांत पारशी आणि हिंदू पोरं स्टंप रोवायची. शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटपटूनं १८८१ मध्ये पुढाकार घेतला, शेकडो सह्या गोळा केल्या आणि सरकारकडे अर्ज दिला. पोलो हलला, परत आला, पुन्हा अर्ज, पुन्हा उत्तर, असं वर्षानुवर्षं चाललं. तो सगळा झगडा शापूरजींनी १८९७ मध्ये छापून ठेवला, म्हणून आज आपल्याला कळतो. आणि उखडलेल्या जमिनीवर शिकलेल्या त्याच पारशांनी १८९० मध्ये व्हर्ननच्या इंग्लिश संघाला हरवलं, तेही जिमखान्याच्याच मैदानावर. हे वाचताना माझा ऊर आजही भरून येतो.

तर मी अर्जात लिहिलं की तेव्हा घोड्यांच्या टापा होत्या, आता बुटांचे स्टड आहेत, आमच्यावर तोच अन्याय होतो आहे. मला ते फार पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मैदानावर गेलो. म्हटलं, अर्ज देण्याआधी त्यांच्या सरांशी एकदा बोलावं. सर म्हणजे पंचविशीचा पोरगा, दिवसा कुरियरचं काम करतो. मी चढ्या आवाजात बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि माफी मागितली, सरळ, आढेवेढे न घेता. मग म्हणाला, ‘अंकल, आम्ही वस्तीमागच्या मोकळ्या जागेत खेळायचो. तिथे आता गाड्या लागतात. इथे मेट्रोच्या पत्र्यांशेजारी खेळायचो, तिथून उठवलं. तुमच्या विकेटवर येऊ नये हे आम्हाला समजतं. जायचं कुठे तेवढं सांगा.’ पोरं लांब उभी राहून बघत होती. गोल म्हणून दोन दप्तरं ठेवलेली, आणि एका पोराच्या बुटाचा तळ सुटला होता, तो त्यानं सुतळीनं बांधला होता. गाठ वर आणून दोन वेळा मारलेली, पायाला टोचू नये म्हणून.

बाळ्या, मी तिथून तंबूत आलो आणि अर्ज पुन्हा वाचला. वाचवेना. भूखंड आपल्या नावावर. भुईभाडं आपण भरतो, पावती आपल्याकडे. तंबू, रोलर, माळी, लेटरहेड आपलं. सरकारदरबारी अर्ज कसा करायचा हे आपल्याला ठाऊक. आणि समोर कोण? ज्यांच्याकडे यातलं काहीही नाही ती पोरं. १८८१ सालच्या गोष्टीत मी स्वतःला शापूरजींच्या बाजूला उभं केलं होतं. खरं तर आपण कधीच जिमखान्याच्या बाजूला जाऊन बसलोय आणि मला ते कळलंही नाही.

म्हणजे मामांची मेहनत खोटी आहे का? नाही. पोराचं बोट मोडलं तेही खरंच. पिचवर खेळायचं नाही, यात मी एक पाऊलही मागे येणार नाही. पण पिच म्हणजे बावीस यार्ड आणि भोवतालचा चौकोन. बाकीचं मैदान पहाटे साडेपाच ते साडेसात रिकामंच असतं. ते त्यांना नाकारण्याचा आपल्याला काय हक्क? ज्यानं जमीन जोपासली त्याचा त्या जमिनीवर अधिकार आहे, हे मी मानतो. जी आपण जोपासत नाही तिच्यावरही पावती दाखवून बसावं, हे मला मान्य नाही.

मी दुसरा मसुदा केलाय. चौकोनाभोवती खुंट्या आणि सुताचा दोर, लोखंड नको. पूर्वेकडचा पट्टा पहाटे साडेसातपर्यंत फुटबॉलला, कांगाच्या रविवारी नाही. दसऱ्यानंतर चौकोनाचं काम निघालं की मोठी पोरं मामांबरोबर रोलरला हात लावतील. हे त्यांच्या सरानंच सुचवलं, मी नाही. रेघा आखायच्या फक्कीचा खर्च निम्मा-निम्मा. ते पैसे देऊ म्हणतात, मी घ्यायला तयार नाही, पण ते बघू.

कमिटीत पाच जण कुंपणाच्या बाजूचे, चार माझ्या. आपले थोरले ट्रस्टी तर भडकलेत. म्हणतात, ‘१९८८ मध्ये याच मैदानावर सचिन-कांबळीनं ६६४ धावांची भागी केली. या मातीत फुटबॉल?’ मी म्हटलं, तीही शाळकरी पोरंच होती. त्यावर ते उठून गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी न बोलता घरी गेले. त्याचं फार लागलंय मला. वाईट माणूस नाही तो. आपल्या दोघांची पहिली किट त्यांनीच पदरच्या पैशानं घेऊन दिली होती, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून तुला लिहितोय. ते माझं ऐकत नाहीत, पण तुझं ऐकतील. तू क्लब सोडून नाशिकला गेलास त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलंय. येत्या शनिवारी दुपारी बाराला तंबूत सभा आहे. पंचवटीनं निघालास तर सीएसएमटीहून चालत येशील. मत द्यायचा तुला अधिकार आहे, तुझी आजीव वर्गणी भरलेली आहे, मी रजिस्टर काढून पाहिलं. माझ्या बाजूनं मत दे असंही म्हणत नाही. आधी माझ्याकडे ये, जेवून एक मुक्काम कर, रविवारी पहाटे पोरांना खेळताना बघ आणि मामांनी बुजवलेली भोकं बघ, असं म्हणणार होतो, पण सभा शनिवारीच आहे. शुक्रवारी रात्री आलास तर दोन्ही जमेल.

वहिनींना नमस्कार. त्यांना सांग, या वेळी तुला एकट्याला पाठवावं लागेल, सभेत आवाज चढणार आहेत. येतोस की नाही ते गुरुवारपर्यंत कळव, म्हणजे मी मामांना सांगून ठेवीन. ते रोज विचारतात तुझ्याबद्दल.

तुझा,
नंदू