दिन्याला पत्र

प्रिय दिन्या,

गुडघा कुरकुरतो, बाकी बरं. पत्राचं कारण वेगळंच आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणापुढे काढलं तर हसतील.

तूर पिवळी पडली म्हणून दादाने युरिया फेकला. तुरीला युरिया! त्यानंही फरक पडेना, तेव्हा मी एक झाड मुळासकट खणून काढलं. सोटमूळ वीतभर सरळ खाली गेलेलं आणि तिथून चक्क काटकोनात वळलेलं. तिथे कुदळ मारली तर टण्ण. वर रोटाव्हेटरने केलेली पिठासारखी भुसभुशीत माती, खाली हा नांगरतळ, अवजारांच्या दाबाने घट्ट झालेला थर. चांगल्या मातीत निम्मी जागा पोकळीच असते, पाण्याला आणि हवेला. तीच दाबून बसली. पाऊस झाला की वरच्या वर पाणी तुंबतं, मुळांवरच्या, हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी गुदमरतात, मग नत्र कुठून मिळणार? आणि उघडीप पडली की हीच झाडं माना टाकतात, कारण खालच्या ओलीपर्यंत मूळ पोचलेलंच नसतं.

हे एक वेळ निस्तरता येईल. माझी झोप उडालीय ती पुढच्या बेताने. दादाला मोठं हार्वेस्टर आणायचंय, वाफसा येण्याआधीच, रान ओलं असतानाच! म्हणतो, टायर रुंद आहेत. अरे, रुंद टायरने वरचा थर वाचतो. खोलवर दाब किती जाईल हे ॲक्सलवरच्या वजनावर ठरतं. ॲक्सलवर १० टन आले तर ओल्या रानात तो ४० सेंटिमीटरच्याही खाली पोचू शकतो. 'उन्हाळ्यात भेगा पडल्या की आपोआप मोकळं होतं,' हे त्याचं दुसरं शास्त्र. वरचं होतं थोडंफार. खालचं वर्षानुवर्षं तसंच राहतं. बरं, बहुतेक नुकसान चाकाच्या पहिल्याच फेरीत होतं, म्हणून म्हटलं निदान ठरलेल्या चाकोरीतूनच गाडी फिरव. तर म्हणे, रान माझं की चाकाचं?

सबसॉयलरवरून, म्हणजे खालचा घट्ट थर फोडायच्या त्या अवजारावरून, तू माझ्याशी अबोला धरला होतास. मी अजून तेच म्हणतो: ओल्यात तो घातला तर थर फुटत नाही, नुसती चीर पडते. कोरड्यात घातला तरच खालचं तडकतं. शकूलाही आता पटलंय, तू एकटाच उरलास.

तुझी बदली झाली म्हणे? पोरीची परीक्षा कशी गेली? वहिनींना नमस्कार.

दादा माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. हार्वेस्टरवाल्याला तारीख देण्याआधी त्याला फोन कर. सबसॉयलरचा विषय मात्र काढू नकोस.

तुझा,
बाळ्या