कौलारू घराला फवारा सोसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिलअखेरीस आपल्या रविवारच्या पुरवणीत वादळी पावसानंतर घर बाहेरून कसं स्वच्छ करावं यावर एक लेख आला होता. प्रेशर वॉशर नावाच्या यंत्राने भिंती, छप्पर, अंगणातल्या फरश्या एका दुपारीत कशा उजळतात ते फोटोंसकट दाखवलं होतं. फोटोतला बंगला सिमेंटचा, स्लॅबचा आणि रंगवलेला होता. असल्याच घरांसाठी हे आहे, असं मात्र लेखात कुठे म्हटलेलं नव्हतं. माझ्या मुलाने तो पुण्यात बसून वाचला, तालुक्याच्या गावातल्या एका एजन्सीचा नंबर शोधला आणि आईला सरप्राइज म्हणून साडेसहा हजार रुपये आगाऊ भरून टाकले. त्या सरप्राइजचं पुढे काय झालं ते कळवावं म्हणून हे पत्र.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून आठ-नऊ किलोमीटर आत. माझ्या आजेसासऱ्यांनी १९३८ साली बांधलेलं. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या. ओटीला तेवढा गिलावा, बाकी ठिकाणी चिरा उघडा आणि दरजा चुन्याने भरलेल्या. वर मंगलोरी कौलं. ती गलबताने रत्नागिरी बंदरात आणि तिथून बैलगाड्यांनी आली, असं सासूबाई सांगत. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली पहिला कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर सगळ्या किनाऱ्याने आपली गवती छपरं हळूहळू उतरवली. आमच्या घरावर अजून निम्म्याहून जास्त कौलं मूळचीच आहेत. पोटाकडून पाहिलं तर ठसा दिसतो.

घराच्या पश्चिमेला दोन हापूस, एक रायवळ, मागे परसात पाच माड. म्हणजे पौषापासून छपरावर काही ना काही पडतच असतं. शहरातली माणसं परागकण म्हणतात आणि शिंकतात. आमच्याकडे तो प्रकार डोळ्यांना दिसतो. मोहोर फुलला की त्याचा भुगा कौलांच्या खाचांत बसतो. मोहोरावर तुडतुडे आले की ते गोड, चिकट पाणी सोडतात आणि झाडाखालचं सगळं चिकट होतं : पानं, कौलं, पडवीची फरशी, वाळत घातलेली चादर. त्या चिकट्यावर रस्त्याची तांबडी धूळ बसते आणि पुढे काळी बुरशी धरते. माडाच्या पोयीतली ती पिवळट, टणक फुलं तर बारमाही गळतात. हातात घेतली तर गंमत वाटते, पन्हळीत साचली की तिला बूच मारल्यासारखं होतं.

यंदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वळीव आला. संध्याकाळी पाचला आभाळ काळं झालं, आधी नुसती धूळ, मग रायवळाची एक फांदी पडवीच्या वळचणीवर, मग पाऊस. तासाभरात सगळं आटोपलं. सात कौलं सरकली, तीन फुटली. कोरड्या तांबड्या मातीवर पहिला पाऊस पडला की शिंतोडे हात-दीड हात उंच उडतात, तसे ते चारी बाजूंनी जोत्यावर आणि भिंतीवर उडाले होते. वीज दोन दिवस नव्हती. ती आली त्या दिवशी सकाळी टेम्पोतून यंत्र उतरलं.

मुलं चांगली होती. विशी-बाविशीतली, 'काकी, तुम्ही फक्त बघा' म्हणणारी. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना यंत्र कसं चालवायचं ते शिकवलं होतं, घर कशाचं आहे ते बघायला कुणी शिकवलं नव्हतं. यंत्रावर १३० बार लिहिलेलं मी चष्मा लावून वाचलं. आपल्या गाडीच्या चाकात हवा असते ती साधारण दोन बार. मी विचारलंही, की हे कौलांना चालेल का. त्यावर 'काकी, याने ट्रकचा चिखल निघतो' असं उत्तर मिळालं.

त्यांनी खालून, अंगणात उभं राहून नळी वर धरली. कौलांची रचना कशी असते? वरचं कौल खालच्यावर चढलेलं, म्हणजे आभाळातून पडलेलं पाणी उतरणीने पन्हळीकडे जातं. पाणी खालून वर जोराने मारायचं, तर तोच सांधा पाण्याला आत घेतो. दहा मिनिटांत माजघरात पागोळ्या लागल्या. बाहेर रणरणतं ऊन आणि घरात पाऊस, असा योग सत्तरीकडे झुकलेल्या माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला. माळ्यावर बेगमीचं भात होतं, दोन पत्र्याच्या ट्रंका होत्या, सासूबाईंची शिवणाची मशीन होती. मी ओरडेपर्यंत पश्चिमेची निम्मी बाजू झाली होती. खरं सांगते, ती दिसायला सुंदर दिसत होती. विटकरी, कोरी, जणू कालच आली. हात फिरवला तर बोटाला लाल पीठ लागलं. भट्टीत भाजताना कौलाच्या वर जी घट्ट साय धरते ती खरवडून गेली होती. आता तेच कौल पाणी जास्त पिणार आणि शेवाळही त्यावर लवकर धरणार.

तोवर दुसऱ्या मुलाने भिंत घेतली होती. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, जांभ्यावरचा धडा माझा आवडता. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात लोक हा मऊ दगड विटांसारखा कापून घेतात ते पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं. खाणीत तो मऊ असतो, उघड्यावर ऊनवारा खाऊन टणक होतो. पण टणक झाला तरी आतून तो स्पंजासारखाच, भोकाभोकांत मऊ माती. यंत्राने ती माती नेमकी धुऊन काढली. दरजांतला चुना तर लपके-लपके होऊन पडला. माझ्या उत्तरेच्या भिंतीत आता करंगळी जाईल अशी भोकं आहेत आणि कुंभारीण माश्यांनी त्यातल्या काहींत आपली बिऱ्हाडं थाटलीसुद्धा.

जोत्यावरच्या काळ्या डागांना त्यांनी दुकानातलं ॲसिड आणलं होतं. ते पहिल्या चिऱ्यावर ओतलं, चुना फसफसला आणि चिऱ्यातून गंजासारखा पिवळा ओघळ निघाला. तिथे मात्र मी नळीच्या आड जाऊन उभी राहिले. त्या जोत्याचं पाणी पाटाने पोफळींना जातं आणि विहीर तिथून वीस पावलांवर आहे. 'काम अर्धवट राहिलं तर पैसे परत मिळणार नाहीत' असं त्यांनी सांगितलं. ते परत मिळाले नाहीत. दरजा भरायला आणि बावीस कौलं बदलायला मला अकरा हजार लागले, आणि नवी कौलं जुन्यांच्या मापात नीट बसत नाहीत ते वेगळंच.

आता मुद्द्याचं. आपल्या लेखातला 'घाण' हा शब्दच मला खटकला. घराच्या अंगावर जे बसतं ते एका जातीचं नसतं आणि प्रत्येकाची वेळही वेगळी असते. तुडतुड्यांचा चिकटा म्हणजे साखरच. कोमट पाणी, रिठ्याचा फेस, कपडा, झालं. काळी बुरशी त्या साखरेवरच जगते, साखर गेली की तिचाही पाय सुटतो. पडवीची फरशी मी दर फाल्गुनात अशीच पुसते. शेवाळाचं उलट. त्याला पाणी दाखवूच नये. मार्च-एप्रिलच्या उन्हात ते आपणहून वाळून पापुद्र्यासारखं होतं, तेव्हा नारळाचं सोडण किंवा मऊ झालेला जुना खराटा फिरवला की सुटतं. वळीव पडून गेल्यावर तेच शेवाळ एका रात्रीत हिरवं होतं, चिकटून बसतं, आणि त्यावर पाय ठेवणारा माणूस खाली येतो.

तांबड्या मातीच्या शिंतोड्यांबद्दल सासूबाईंचा नियम होता : ओला चिखल पुसणारी सून आळशी. मला पहिल्या वर्षी हे कोडंच वाटलं होतं. घाईने ओल्या फडक्याने पुसलं की माती भिंतीच्या छिद्रांत चोळली जाते आणि मग तो डाग कायमचा. दोन दिवस वाळू द्यावा, मग केरसुणी मारावी, निम्म्याहून जास्त माती पीठ होऊन गळते. आळशी सून दोन दिवस थांबत नाही, कारण तिला एकदाच उठायचं असतं! शिंतोडे मुळात उडूच नयेत म्हणून पागोळ्यांखाली चिऱ्याच्या कपऱ्या किंवा खडी पसरायची. ती आमच्याकडे तीन बाजूंनी आहे. चौथ्या बाजूची मोटारसायकल लावायला जागा हवी म्हणून मुलानेच काढली. (तो हे पत्र वाचणार आहे.)

वादळ झाल्यावर पहिलं काम धुण्याचं नसतंच. तुटलेली वायर कुठे लोंबतेय का ते बघायचं, मग सरकलेली कौलं, मग पन्हळ. पन्हळ शिडीवरून हाताने उपसायची, नळीने ढकलायची नाही. ढकललेला गाळ उभ्या नळात जाऊन बसतो आणि पुढे ऐन आषाढात पाणी भिंतीवरून उतरतं. ओल्या कौलांवर कुणी चढायचं नाही, हे मी गड्यालाही सांगते आणि मुलालाही. मुलगा ऐकत नाही.

आणखी एक. आमच्याकडे सगळी पावसाळी तयारी मृगावर बेतलेली, म्हणजे सात-आठ जून. मे संपता संपता शाकारणी, कौलं परतणं, लाकडं आत घेणं, पडवीला झापं बांधणं. २०२५ साली २० मेपासूनच पाऊस बसला, २५ मेला मान्सून देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, आणि आमच्या वाडीतल्या अर्ध्या घरांची छपरं तशीच राहिली. माझं माहेर दापोली तालुक्यातलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिथल्या घरावर एक कौल जागेवर राहिलं नाही. भावाने पुढचे दोन महिने निळ्या प्लास्टिकखाली काढले. तेव्हापासून मी कौलं चैत्रातच परतून घेते. गुढी उतरली की दुसऱ्या दिवशी निरोप जातो. लोक हसतात, हसोत. यंदा निरोप गेला होता, पण गडी आजारी पडला, काम मेवर गेलं आणि त्याआधी वळीव आला. नाहीतर त्या सात कौलांतली चार तरी सरकली नसती.

यंत्राला माझा विरोध नाही. समोरच्या शाळेचं सिमेंटचं प्रांगण त्याच मुलांनी धुतलं, ते छान झालं. मी स्वतः जाऊन बघून आले. कोब्यावर, ग्रॅनाइटवर, लोखंडी फाटकावर खुशाल चालवावं, फक्त मीटरच्या पेटीकडे तोंड करू नये. पण आपला पेपर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात घरोघर जातो. या दोन जिल्ह्यांत चिऱ्याच्या भिंती आणि कौलारू छपरं अजून किती आहेत, ते आपल्या वार्ताहरांना माझ्याहून चांगलं ठाऊक. अशा लेखाच्या कोपऱ्यात चार ओळींची चौकट छापली असती, की जांभा, चुना आणि कौलं यांवर हे चालवू नये, तर माझी उत्तरेची भिंत वाचली असती. पुढच्या एप्रिलमध्ये तो विषय पुन्हा घेणार असाल तर ती चौकट घालावी, एवढी विनंती. फोटो हवा असेल तर भिंत इथेच आहे, या आणि काढा.

दरजा भरून देणारा आणि कौलं परतणारा आमच्या पंचक्रोशीत आता एकच माणूस उरला आहे, वय ७१. माझ्या भिंतीसमोर तो बराच वेळ उभा राहिला आणि 'बाई, हे कोणी चावलं?' एवढंच म्हणाला. हे पत्र छापलंत तर वाचक त्याचा नंबर विचारतील. तो देऊ नये. माझं परसाकडचं काम अजून व्हायचं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये. टेम्पोतला एक मुलगा माझाच विद्यार्थी निघाला.)