पियानोवादक पाचव्या वर्षीच घडतो असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या पियानोवादकांवर लेख आला. असा विषय आपल्याकडं क्वचितच छापून येतो, त्यामुळं आवडीनं वाचला. पण मोझार्टपासून पुढची सगळी उदाहरणं बालवयातच चमकलेल्यांची. शेवटी पालकांना सल्ला असा, की सहा-सात वर्षांपर्यंत चुणूक दिसली तर ठीक, नाहीतर नाद सोडा. मी जालन्यात पेटी आणि कीबोर्ड शिकवतो. लेख आल्यापासून पालक विचारायला लागलेत, "सर, लेकरू नऊ वर्षांचं झालं. आता उशीर झाला का हो?"

लेखात आल्फ्रेड ब्रेंडेल हे नाव कुठंच नाही. १७ जून २०२५ रोजी लंडनमध्ये ९४ व्या वर्षी ते गेले. विसाव्या शतकातल्या मोठ्या पियानोवादकांत त्यांची गणना होते, आणि त्यांची गोष्ट या सल्ल्याच्या नेमकी उलटी आहे. जन्म १९३१ चा, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोरावियातला. घरात संगीत नव्हतं. सहाव्या वर्षी शिकवणी लागली खरी, पण ती आपल्याकडंही लागतेच. महायुद्धाच्या शेवटी शेवटी, चौदा वर्षांच्या या पोराला खंदक खोदायला नेलं, तिथं थंडीनं पाय बधिर होऊन तो दवाखान्यात पडला. सोळाव्या वर्षानंतर नियमित गुरू असा राहिलाच नाही. पुढं पियानोवादक एडविन फिशर वगैरेंच्या काही कार्यशाळा केल्या, तेवढंच. मी बालचमत्कार नव्हतो, नवी स्वरलिपी बघताक्षणी वाजवणं मला नीट जमत नाही, असं ते स्वतःच सांगत.

मग शिकले कसे? स्वतःचं वादन टेपवर घ्यायचं आणि ऐकायचं. जे स्वतःला उमगलेलं नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय गुरू नसल्यामुळंच लागली, असं त्यांचं म्हणणं. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. आमच्या क्लासमध्ये येणाऱ्या प्रत्येक घरात आज मोबाईल आहे. त्यावर लेकराचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला जातो, पण तोच व्हिडिओ लेकराला शेजारी बसवून, कुठं लय पळाली, कुठला सूर जोरात आदळला, हे ऐकवलं जात नाही. गॅदरिंगला एक गाणं बसलं की काम झालं.

यश म्हणाल तर तेही सावकाश आलं. १९४९ मध्ये इटलीतल्या बोल्झानोच्या बुसोनी पियानो स्पर्धेत चौथा क्रमांक मिळाला. आपल्याकडं चौथ्या क्रमांकाचा फोटोसुद्धा छापत नाहीत! त्यानंतर एका स्वस्त रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीसाठी त्यांनी जर्मन संगीतकार बेथोव्हेनच्या एकल पियानोच्या रचना वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित केल्या; त्या सगळ्या मुद्रित करणारे ते पहिलेच. तरी मोठ्या कंपन्यांचं लक्ष गेलं नव्हतं. चाळिशीच्या आसपास लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये एक मैफल झाली आणि दुसऱ्याच दिवशी तीन मोठ्या कंपन्यांकडून विचारणा आली. बेथोव्हेनचे ३२ सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या मोठ्या पियानो-रचना, त्यांनी आयुष्यात तीनदा पूर्ण मुद्रित केले. संगीतकार शूबर्टचे अखेरचे सोनाटा लोक फारसे मनावर घेत नसत, ते मैफलीत रुजवण्यात त्यांचाही मोठा वाटा. साठीनंतर शरीर कुरकुरू लागलं तशा अंग मोडून काढणाऱ्या रचना बाजूला ठेवल्या, आणि डिसेंबर २००८ मध्ये व्हिएन्नात मोझार्टची एक कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासोबतची रचना) वाजवून, बोटं चालत असतानाच, मैफली थांबवल्या. मधल्या काळात निबंध लिहिले, कविता लिहिल्या, त्याही मिश्किल. एका मैफलीत श्रोत्यांचा खोकला थांबेना, तेव्हा वाजवणं थांबवून त्यांनी सांगितलं म्हणे, की तुमचं मला ऐकू येतंय, पण माझं तुम्हाला येत नसेल. आमच्या नाट्यगृहात वाजणारे फोन त्यांनी ऐकले असते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

युरोपातलं उदाहरण दूरचं वाटत असेल तर आपल्या मातीतलं घ्या. पेटीवादक अप्पा जळगावकर, जन्म १९२२. आडनावामुळं लोक त्यांना खानदेशातले समजतात, पण ते आपल्या जालन्याकडचे. सुरुवात गाण्यानं झाली, पेटी बरीचशी स्वतःच्या कानानं कमावली. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जमत नाही, तिचे सूर ठरलेले, म्हणून आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं ते १९७१ पर्यंत. म्हणजे अप्पांच्या ऐन उमेदीची वर्षं. तरीही भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, किशोरी आमोणकर यांच्यामागं बसून गळ्यातली जागा पेटीवर जशीच्या तशी उचलणारा हा माणूस. २००० चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा वय अठ्ठ्याहत्तरच्या घरात.

लेखातलं एक मात्र मान्य. मैफलीचा पियानो ८८ पट्ट्यांचा, आणि बोटाच्या वजनावर आवाज बदलणारा. आमच्याकडच्या स्वस्त, ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर तो हात तयार होत नाही. ती अडचण खरी आहे. पण ती वाद्याची आहे. लेकराच्या वयावर ती ढकलू नये.

एक विनंती. अप्पांवर पुरवणीत सविस्तर लेख द्यावा. आणि मैफलीच्या बातमीत "हार्मोनियमची साथ समर्पक होती" एवढ्यावर न थांबता वाजवणाऱ्याचं नावही छापावं.

– एक संगीतशिक्षक, जालना